नवी आवृत्ती ही बखर असते

१/
जुन्या गाण्यांचे एखादे विस्मृतीत गेलेले संकलन वाढीव स्वरूपात पुन्हा प्रसिद्ध झाले की आपण म्हणतो, "हरवलेला ठेवा सापडला." ठेवा सापडतो हे खरे. पण सापडतो तो ठेवला होता तसा नसतो. मधल्या काळात कोणीतरी त्यातून निवड केलेली असते, क्रम लावलेला असतो, त्याला नवे नाव दिलेले असते. म्हणून मूळ तबकडी आणि तिची विस्तारित आवृत्ती ही इतिहासाची दोन स्वतंत्र साधने मानावीत, असे माझे मत आहे. त्यासाठी मुंबईच्या एका विसरलेल्या प्रकरणाकडे जाऊ. प्रकरणाचे नाव 'सिमला बीट'.

२/
आधी थोडी पार्श्वभूमी. १९६३-६४ नंतर बीटल्स आणि रोलिंग स्टोन्स यांच्या गाण्यांनी जगभरच्या तरुणांना वेड लावले. मुंबई, कलकत्ता, मद्रास, बंगळूर, शिलाँग येथे महाविद्यालयीन मुलांनी गिटार, बास आणि ड्रम घेऊन आपापले गट उभारले. त्यांना 'बीट ग्रुप' म्हणत. रेडिओ सिलोन ऐकून चाली उचलायच्या, परदेशातून कोणी आणलेली तबकडी झिजेपर्यंत वाजवायची, ही त्यांची शाळा. आयातीवर कडक निर्बंध होते. चांगली विद्युत गिटार किंवा ॲम्प्लिफायर मिळणे दुर्लभ, त्यामुळे स्थानिक कारागिराकडून काम भागवावे लागे. १९६७ साली कलकत्त्याहून डेझमंड डॉइग यांच्या संपादकत्वाखाली निघू लागलेले 'ज्युनियर स्टेट्समन' हे साप्ताहिक या पिढीचे मुखपत्रच ठरले.

३/
या उत्साहाला व्यासपीठ दिले एका सिगारेटने. इम्पीरियल टोबॅको कंपनीच्या 'सिमला' या सिगारेटच्या नावाने अखिल भारतीय बीट ग्रुप स्पर्धा भरू लागली. देशभरचे गट तीत उतरत आणि अंतिम फेरी मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात होई. कंपनीचा हेतू उघड होता. जो तरुण आज टाळ्या वाजवतो तो उद्या पाकीट विकत घेईल. योगायोग असा की १९७० या पहिल्या तबकडीच्याच वर्षी कंपनीने 'इम्पीरियल' हा शब्द टाकून 'इंडिया टोबॅको' हे नाव धारण केले. नाव देशी झाले, तबकडीवरची गाणी मात्र इंग्रजीत. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानंतर असे प्रायोजकत्व भारतात शक्यच नाही.

४/
या स्पर्धेच्या नावाने १९७० आणि १९७१ अशा दोन वर्षी दोन संकलन-तबकड्या निघाल्या. शिलाँगचे फेन्टोन्स, मद्रासचे कन्फ्यूजन्स, कलकत्त्याचे ग्रेट बेअर, शिवाय डायनोसॉर्स, हिप्नॉटिक आय, जेन्युइन स्पेअर्स अशी गटांची नावे वाचतानाच त्या वयाची ऐट कळते. काही गाणी परकी आहेत. डायनोसॉर्सनी अमेरिकेच्या क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या बँडचे गाणे घेतले आहे. काही मात्र स्वतः रचलेली आहेत. फेन्टोन्सच्या वाट्याला तर स्पर्धेच्या नावाचीच धून आली. प्रायोजकाचे नाव अशा रीतीने वेष्टनावरून थेट संगीतात शिरले.

५/
ऐकताना काय जाणवते? गिटारचा करकरीत, फाटका स्वर. घाईची लय. मोठ्या स्टुडिओतली सफाई जवळजवळ नाही. गायक इंग्रजी उच्चार परदेशी गायकांसारखे करू पाहतो आणि मध्येच त्याचा स्वतःचा, आपल्या ओळखीचा हेल निसटतो. मला या तबकड्यांत सर्वांत मोलाचा वाटतो तो हाच निसटलेला हेल. अनुकरण कुठे संपले आणि माणूस कुठे सुरू झाला, याची ती खूण आहे. कागदपत्रांत अशी खूण क्वचित मिळते. ध्वनिमुद्रण हे इतिहासाचे अपरिहार्य साधन आहे ते यासाठी.

६/
पुढे काय झाले? मुले पदवीधर झाली, नोकऱ्यांत गेली, काही परदेशी गेली. काही जण संगीतात राहिले. 'ज्युनियर स्टेट्समन' १९७७ साली बंद पडले. तबकड्या माळ्यावर गेल्या, काही रद्दीत. मग युरोप-अमेरिकेतल्या संग्राहकांना त्या सापडल्या. जर्मनीतील 'क्यूडीके मीडिया' या छोट्या प्रकाशनाने दोन्ही वर्षांची गाणी एकत्र करून 'सिमला बीट ७०/७१' या नावाने सीडी काढली. आज आपल्यापैकी बहुतेकांना ही गाणी ठाऊक आहेत ती या आवृत्तीमुळे. माझा मुद्दा इथून सुरू होतो.

७/
या गाण्यांची ओळख करून देताना आज 'गॅरेज', 'सायकेडेलिक', 'भूमिगत' आणि कधी कधी 'भारताचे पहिले पंक' असे शब्द वापरले जातात. पंक रॉक ही चळवळ म्हणून न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये नावारूपाला आली १९७५-७६ च्या सुमारास. षण्मुखानंदच्या रंगमंचावर १९७० साली उभा असलेला मुलगा स्वतःला पंक म्हणवत नव्हता, म्हणवूच शकत नव्हता. मग हे नाव मागे जाऊन चिकटले कसे? त्यासाठी न्यूयॉर्कला जावे लागेल.

८/
१९७२ साली इलेक्ट्रा या कंपनीने 'नगेट्स' नावाचे दोन तबकड्यांचे संकलन काढले. संकलक लेनी काय हा तरुण लेखक आणि गिटारवादक. त्याने १९६५ ते १९६८ या काळातल्या, बहुतांशी विसरल्या गेलेल्या अमेरिकी गटांची २७ गाणी निवडली. सोबतच्या टिपणात त्याने या संगीतासाठी 'पंक रॉक' हा शब्द वापरला. म्हणजे शब्द आला १९७०-७२ च्या टीकालेखनात, तो लावला गेला १९६५ च्या गाण्यांना, आणि काही वर्षांनी नव्या पिढीने तो स्वतःचे नाव म्हणून स्वीकारला. पंकला पूर्वज मिळाले ते एका संकलनामुळे.

९/
१९९८ साली ऱ्हायनो या कंपनीने 'नगेट्स'ची विस्तारित आवृत्ती काढली. चार सीडी, ११८ गाणी. पहिल्या सीडीवर मूळची २७, पुढच्या तिन्हींवर ९१ नवी. वरवर पाहता ही केवळ भर आहे. पण १९७२ चे संकलन ही एका माणसाची आवड होती. त्यातली विचित्र निवडसुद्धा त्याची. ११८ गाण्यांची पेटी मात्र ज्ञानकोशाचा आव आणते. वाचकाला वाटते, विषय संपला. शिवाय १९९८ पर्यंत पंक काय आहे हे जगाला कळून चुकले होते. नव्या ९१ गाण्यांची निवड त्या उजेडात झाली. मूळ २७ गाण्यांतले एकही अक्षर न बदलता त्यांचा अर्थ बदलला.

१०/
मराठी इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे नवे वाटू नये. आपण 'अस्सल कागद' आणि 'बखर' असा भेद करतोच. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला लिहिलेली बखर आटोपशीर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मल्हार रामराव चिटणीसाने लिहिलेले चरित्र विस्तृत आहे, पण मधल्या शंभर वर्षांच्या श्रद्धा आणि गरजा त्यात मिसळल्या आहेत. विस्तार म्हणजे अधिक सत्य, असे कोणी मानत नाही. राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करताना बखरींची कठोर चिकित्सा केली, तरी बखर फेकून दिली नाही. ती कोणत्या काळाविषयी बोलते आणि कोणत्या काळात बोलते, हे दोन प्रश्न वेगळे ठेवायला शिकवले.

११/
तबकडीच्या बाबतीतही हेच दोन प्रश्न हवेत. १९७० ची 'सिमला बीट' हा अस्सल कागद आहे. तो कंपनीने काढला, तिच्या सोयीने काढला, तरी त्या क्षणाचा आहे. 'सिमला बीट ७०/७१' ही सीडी बखर आहे. ती १९७० विषयी बोलते, पण बोलते ती संग्राहकांच्या पुढच्या पिढीच्या भाषेत. बखर म्हणणे ही शिवी नाही. साधनाची जात सांगणे एवढाच त्याचा अर्थ.

१२/
आता या बखरीने काय बदलले ते पाहू.
अ) दोन वर्षांच्या दोन स्पर्धा एका वस्तूत मिसळल्या. मधला वर्षाचा काळ, बदललेली आवड, गळालेले गट यांचा सांधा बुजला.
आ) सिगारेटची जाहिरात हे मूळ तबकडीचे कारण होते. नव्या श्रोत्याला ती केवळ एक गंमत वाटते.
इ) 'भूमिगत' हा शब्द रूढ झाला. महाराष्ट्रात भूमिगत म्हटले की ऑगस्ट ते नोव्हेंबर १९४२ मध्ये मुंबईत जागा बदलत चालवलेला उषा मेहता आणि सहकाऱ्यांचा काँग्रेस रेडिओ आठवतो, साताऱ्याचे प्रतिसरकार आठवते. कंपनीच्या पैशाने मोठ्या सभागृहात भरलेली स्पर्धा भूमिगत कशी? ही गाणी काळाच्या ओघात गाडली गेली, एवढेच. गाडले जाणे आणि भूमिगत असणे यांत फरक आहे.

१३/
तबकडीच्या चौकटीबाहेर काय राहिले, हेही विचारू. जुलै १९६९ मध्ये अण्णाभाऊ साठे गेले, ऑगस्टमध्ये शाहीर अमर शेख. १९४४ साली द. ना. गवाणकरांसह या दोघांनी उभारलेल्या लाल बावटा कलापथकाने गिरणगाव पेटवले होते आणि सरकारी बंदीही सोसली होती. १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला, त्याच वर्षी दलित पँथर स्थापन झाली. त्याच वर्षी मराठवाडा दुष्काळात होरपळत होता आणि माणसे दुष्काळी कामावर खडी फोडत होती. षण्मुखानंद सभागृहापासून गिरणगाव काही मैलांवर. पण एकाच शहराचे हे दोन आवाज एका तबकडीवर कधी आले नाहीत.

१४/
यावर एक आक्षेप ठरलेला आहे. "ही इंग्रजी शाळांतल्या सुखवस्तू पोरांची हौस, तिचा आपल्या इतिहासाशी काय संबंध?" मला हा आक्षेप मान्य नाही. शहरी मध्यमवर्गाने काय ऐकले, कोणाचे अनुकरण केले, त्याला पैसा कोणी पुरवला, हा महाराष्ट्राच्या इतिहासाचाच भाग आहे. खडी फोडणाऱ्या माणसाच्या इतिहासासाठी गिटार वाजवणाऱ्याचा इतिहास पुसावा लागत नाही. दोन्ही शेजारी ठेवले तर दोन्ही अधिक स्पष्ट दिसतात.

१५/
दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. "जर्मन प्रकाशकाने सीडी काढली नसती तर तुम्हाला ही गाणी ऐकायलाच मिळाली नसती. त्याच्यात खोट कसली काढता?" हे खरे आहे, आणि त्याचे ऋण मी मानते. आपल्याकडे याआधीही असे घडले आहे, आणि षण्मुखानंदच्या जवळच. वडाळ्याच्या कुष्ठरोग रुग्णालयाला ज्यांचे नाव आहे ते हॅरी ॲक्वर्थ मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते. त्यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह गोंधळ्यांच्या तोंडून पोवाडे मिळवून १८९१ साली 'इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे' हे संकलन छापले. ते झाले नसते तर कितीतरी पोवाडे गोंधळ्यांबरोबरच संपले असते.

१६/
पण पोवाड्यांच्या संकलनाचे काम परक्या माणसाच्या पहिल्या आवृत्तीवर थांबले नाही. शाळिग्रामांनी १९११ साली दुसरी आवृत्ती काढली. पुढे य. न. केळकरांनी 'ऐतिहासिक पोवाडे' सिद्ध करताना टिपा दिल्या, घटनांची छाननी केली. आवृत्तीवर आवृत्ती चढत गेली आणि प्रत्येकीने आधीचीला जाब विचारला. तरी एक गोष्ट निसटली ती निसटलीच. शाहीर शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफतो, म्हणून रचणारा उरला. ज्याने संबळ-तुणतुण्यावर तो पोवाडा पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवला, त्या गोंधळ्याचा आवाज छापील पानावर येऊ शकला नाही. 'सिमला बीट'च्या बाबतीत उलट आहे. तिथे आवाज आहे, पण प्रश्न विचारणारी दुसरी आवृत्ती आपल्याकडून आलेली नाही.

१७/
ती येऊ शकते. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. म्हणजे १९७० च्या मुद्रणावरचा हक्क २०३० अखेर आणि १९७१ च्या मुद्रणावरचा २०३१ अखेर संपेल. शब्द आणि चाली यांचे हक्क वेगळे असतात, ते पाहावे लागेल. तरी ही मुदत जवळ आली आहे. त्या वेळी निघणाऱ्या आवृत्तीला टिपणे कोण लिहिणार? वादकांपैकी जे हयात आहेत त्यांच्या मुलाखती कोण घेणार? हे काम इतिहासाच्या विद्यार्थ्यांचे आहे.

१८/
मला अधिक काळजी आहे ती ज्यांची तबकडीच कधी निघाली नाही त्यांची. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि ध्वनिमुद्रण मोठ्या कंपन्यांच्या हातून सुटले. मराठवाड्यात १९७८ ते १९९४ या काळात विद्यापीठ नामांतराचा लढा चालला, त्यावर गाणी रचली गेली, गावोगावच्या गायन पार्ट्यांनी ती गायली. वामनदादा कर्डक यांचे नाव आपण घेतो. पण ज्यांनी त्यांची आणि स्वतःची गाणी रात्र रात्र गायली, त्या शेकडो गायकांचे आवाज पत्र्याच्या पेट्यांतल्या फितींवर आहेत. फितीवरचा चुंबकीय थर सुटतो, बुरशी धरतो. १९९७ साली रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर जीव देणाऱ्या शाहीर विलास घोगरे यांचा आवाज आज ऐकू येतो, त्याचे एक मोठे कारण म्हणजे आनंद पटवर्धन यांनी तो चित्रपटांत मुद्रित केला. प्रत्येक शाहिराला चित्रपटकार मिळत नाही.

१९/
मी जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीची. २९ ऑगस्ट २०२३ पासूनच्या उपोषणाने आणि १ सप्टेंबरच्या लाठीमाराने आमच्या गावाचे नाव राज्यभर झाले. त्या मागणीच्या बाजूने वा विरुद्ध बोलणे हा या धाग्याचा विषय नाही. विद्यार्थिनी म्हणून मला दिसते ते एवढेच की आंदोलनावर गाणी झाली, पोवाडे झाले, ती मोबाइलवर फिरली. ज्याने गायले त्याचे नाव पुढे पाठवताना गळून पडले, तारीख तर नव्हतीच. फोन बदलला की फाइल गेली. वीस वर्षांनी कोणीतरी या गाण्यांचे 'विस्तारित संकलन' काढेल आणि त्यांना आज आपल्याला सुचणारही नाही असे नाव देईल. तेव्हा त्याला तपासायला अस्सल कागद उरलेला असेल का?

२०/
म्हणून काही साध्या सूचना. त्यासाठी अनुदान किंवा प्रयोगशाळा लागत नाही.
• घरात जुनी कॅसेट असेल तर आधी वेष्टनाच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्या. गाण्याइतकीच वेष्टनावरची माहिती मोलाची असते.
• फीत वारंवार वाजवू नका. एकदाच, चांगल्या यंत्रावर वाजवून संगणकात उतरवा. खरखर काढून टाकण्याआधीची मूळ प्रत वेगळी जपा.
• गायक, वादक, गाव, तारीख, प्रसंग आणि खर्च कोणी केला, या सहा गोष्टी लिहा. ठाऊक नसेल तिथे जागा कोरी सोडा, अंदाजाने भरू नका.
• गायक किंवा त्याचे कुटुंब हयात असेल तर विचारूनच प्रसिद्ध करा.
• आपण काय वगळले आणि का, हेही नोंदवा. १९९८ च्या पेटीपेक्षा १९७२ चे 'नगेट्स' मला प्रामाणिक वाटते, कारण ती एका माणसाची निवड आहे हे ते लपवत नाही.

२१/
संकलन करणे म्हणजे निवाडा करणे. कोणाला आत घ्यायचे, कोणाला बाहेर ठेवायचे, पोटजातीचे नाव काय द्यायचे, हे ठरवणारा माणूस इतिहास लिहीत असतो, मग त्याच्या हातात लेखणी असो वा तबकडी. 'सिमला बीट ७०/७१' जरूर ऐका. त्यातला करकरीत गिटार आणि निसटलेला हेल दोन्ही ऐका. पण ऐकताना बखर वाचतो तसे कान उघडे ठेवा: हे कोणी निवडले, कधी निवडले, कोणासाठी निवडले, आणि कोणाचा आवाज इथे पोहोचलाच नाही?

तुमच्या गावात, घरात, पेटीत अशी एखादी फीत किंवा तबकडी असेल तर खाली तिच्या वेष्टनावर काय लिहिले आहे तेवढे सांगा. गाणे नंतर ऐकू.

#मराठी_इतिहास #इतिहासाची_साधने #धागा